सभागृहातील मौन आणि न्यायाधिकरणातील वाद

सहा दशके देशाच्या करव्यवस्थेचा कणा असलेल्या १९६१च्या प्राप्तिकर कायद्याला निरोप देणारे सुधारित विधेयक ११ ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत मांडले गेले आणि त्याच दिवशी, बिहारमधील मतदारयाद्यांच्या फेरतपासणीवरून चाललेल्या गदारोळात, चर्चेविना संमत झाले. दुसऱ्या दिवशी राज्यसभेनेही आपले काम उरकले. पाचशे छत्तीस कलमांचा कायदा, परंतु त्यातील एकाही शब्दावर लोकसभेत वाद झाला नाही. त्याच ऑगस्ट महिन्यात प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या अहमदाबाद खंडपीठाने एका छोट्या करदात्याच्या बाजूने निवाडा दिला. त्या प्रकरणातील सवलतीची कायदेशीर कमाल मर्यादाच मुळी पंचवीस हजार रुपयांची होती. मात्र तेवढ्या रकमेसाठी तेथे कायद्याच्या दोन कलमांतील शब्दांचा यथास्थित कीस काढला गेला. सभागृहात जे बोलले जात नाही ते न्यायाधिकरणात बोलावे लागते आणि त्याचा खर्च करदात्याला सोसावा लागतो, हे या दोन घटना शेजारी ठेवल्या की स्पष्ट होते.

प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरण ही देशातील सर्वांत जुनी न्यायाधिकरण संस्था. २५ जानेवारी १९४१ रोजी तिची स्थापना झाली. ती अर्थखात्याच्या नव्हे, तर विधी व न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. आणि ज्या खात्याविरुद्ध निर्णय द्यायचा त्या खात्याच्या हातात संस्थेची दोरी नसावी, हे त्यामागचे तत्त्व आहे. एक न्यायिक सदस्य आणि एक लेखा सदस्य अशा दोघांचे खंडपीठ ही तिची सर्वसाधारण रचना. 'निष्पक्ष, सुलभ, सत्वर न्याय' हे तिचे ब्रीद. वस्तुस्थितीच्या प्रश्नावर न्यायाधिकरणाचा शब्द अखेरचा मानला जातो. त्यापुढे उच्च न्यायालयात जायचे तर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न उपस्थित व्हावा लागतो. म्हणूनच पैसा कोठून आला, घरभाडे खरोखर दिले की नाही, या प्रश्नांवर नोकरदाराला किंवा गृहिणीला आपली बाजू पुराव्यानिशी मांडण्याची शेवटची जागा हीच असते.

अहमदाबादच्या निवाड्याची पार्श्वभूमी समजून घेण्यासारखी आहे. करनिर्धारण वर्ष २०२४-२५साठी नव्या करप्रणालीत सात लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यास कलम ८७अ अन्वये पंचवीस हजारांपर्यंत करसवलत होती. समभाग वर्षाच्या आत विकून झालेल्या अल्पमुदतीच्या भांडवली नफ्यावरील करालाही ती लागू होते, असे समजून अनेकांनी विवरणपत्रे भरली. ५ जुलै २०२४ रोजी खात्याने विवरणपत्र भरण्याच्या संगणकप्रणालीत बदल केला आणि ही सवलत मागण्याची वाटच बंद झाली. कायदा तोच राहिला, बदलली ती आज्ञावली. या प्रकाराविरुद्ध मुंबईतील चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स ही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. जानेवारी २०२५मध्ये न्यायालयाने खात्याला बजावले की, मागणी योग्य की अयोग्य हे ठरवण्याचा अधिकार अधिकाऱ्याला आहे. मात्र ती मागणी करण्याचा करदात्याचा हक्क संगणकाच्या साह्याने दारातच अडवता येणार नाही. सवलत मिळते किंवा नाही, हा मूळ प्रश्न न्यायालयाने खुला ठेवला होता.

त्याचे उत्तर अहमदाबाद खंडपीठाने दिले. दीर्घमुदतीच्या भांडवली नफ्यासंबंधीच्या कलम ११२अमध्ये ही सवलत मिळणार नाही असे संसदेने स्पष्ट लिहिले आहे. अल्पमुदतीच्या नफ्यासंबंधीच्या कलम १११अमध्ये मात्र तसा निर्बंध नाही. जो निर्बंध संसदेला एका ठिकाणी लिहिता आला तो दुसऱ्या ठिकाणी लिहिलेला नसेल, तर अधिकाऱ्याने तो मनाने वाचायचा नसतो. २०२५च्या वित्त कायद्याने हा निर्बंध घातला खरा, परंतु तो करनिर्धारण वर्ष २०२६-२७पासून लागू होणारा आहे; मागच्या वर्षांना तो चिकटवता येत नाही. हा युक्तिवाद विद्यार्थ्यालाही पटावा इतका सरळ आहे. असे असूनही पुढच्याच महिन्यात, १९ सप्टेंबर २०२५ रोजी, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढले. ज्यांना ही सवलत दिली गेली होती त्यांच्याकडून ती परत मागण्यात आली असून, ३१ डिसेंबर २०२५पर्यंत रक्कम भरल्यास व्याज माफ केले जाईल, असा त्याचा आशय होता. न्यायाधिकरण म्हणते सवलत देय आहे आणि मंडळ म्हणते ती परत करा, व्याजाचे आम्ही पाहतो! सामान्य माणसाने यातून काय बोध घ्यावा?

बहुतेकांनी मुकाट्याने पैसे भरले असतील, तर त्यांना दोष देता येत नाही. साधा हिशेब मांडून पाहावा. साडेसहा लाख उत्पन्न असलेल्या करदात्याला आयुक्तांकडील पहिल्या अपिलासाठी एक हजार रुपये शुल्क पडते. न्यायाधिकरणाकडे जायचे तर आकारणी झालेल्या उत्पन्नाच्या एक टक्का, म्हणजे साडेसहा हजार रुपये शुल्क द्यावे लागते. शिवाय सल्लागाराचे मानधन वेगळे. जास्तीत जास्त पंचवीस हजारांच्या सवलतीसाठी दोन पायऱ्या चढायच्या आणि काही वर्षे थांबायचे, हा व्यवहार किती जणांना परवडतो? ज्याने अपील केले त्याला हक्क मिळाला आणि ज्याने केले नाही त्याने तोच हक्क गमावला. कायदा एकच असताना करदात्यांचे असे दोन वर्ग पडणे हे करप्रशासनाला भूषणावह नाही. वस्तुतः अपिलीय संस्थेचे आदेश खालच्या अधिकाऱ्यांनी विनातक्रार पाळले पाहिजेत. ते खात्याला पटलेले नाहीत किंवा त्याविरुद्ध अपील करायचे आहे ही सबब चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्येच कमलाक्षी फायनान्स प्रकरणात ठणकावले होते. तो निवाडा अबकारी खात्याविषयीचा असला, तरी त्यातील तत्त्व सर्वच करखात्यांना लागू पडते.

न्यायाधिकरणाची खरी उपयुक्तता दिसते ती वस्तुस्थितीच्या वादांत. २०२१मध्ये आग्रा खंडपीठासमोर ग्वाल्हेरच्या एका गृहिणीचे प्रकरण आले. नोटाबंदीच्या काळात तिने बँकेत २ लाख ११ हजार ५०० रुपये रोख भरले होते. पती, मुले आणि आप्तेष्टांकडून मिळालेल्या पैशांतून वर्षानुवर्षे साठवलेली ही पुंजी, असे तिचे म्हणणे. खात्याने ती अघोषित रक्कम ठरवली. खंडपीठाने मात्र गृहिणीच्या घरातील आर्थिक कर्तृत्वाची दखल घेतली आणि नोटाबंदीच्या काळात गृहिणींनी भरलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या रकमांबाबत हा निवाडा पूर्वोदाहरण मानावा, असे नमूद केले. विशेष म्हणजे अडीच लाखांपर्यंतच्या अशा ठेवींची पडताळणी करू नये, अशी सूचना खुद्द मंडळाने फेब्रुवारी २०१७मध्ये दिली होती. स्वतःच्याच सूचनेचा विसर पडलेल्या खात्याशी एका गृहिणीला झगडावे लागले. डब्यात, फडताळात पैसे साठवणारी आई किंवा आजी ज्या घरात आहे, मग ते घर ग्वाल्हेरचे असो, इंदूरचे असो वा दिल्लीच्या करोलबागेतले, तेथे या निवाड्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. त्याची मर्यादाही ध्यानात ठेवायला हवी. तो २०१६च्या नोटाबंदीपुरता आहे. आज बँकेत भरलेल्या रोख रकमेला त्याचे कवच नाही.

बदलीच्या नोकरीवर दिल्लीत आलेल्या आणि गावाकडे घर असलेल्या वर्गाला घरभाडे भत्त्यावरील निवाडे अधिक जवळचे वाटतील. २०१७मध्ये मुंबई खंडपीठाने आईला रोखीने भाडे दिल्याचा एका नोकरदार महिलेचा दावा फेटाळला. भाडेकरार नव्हता, बँकेची नोंद नव्हती, गृहनिर्माण सोसायटीला कळवल्याचा कागद नव्हता. २०२२मध्ये दिल्ली खंडपीठाने पत्नीला दिलेल्या भाड्यावरील सवलत मात्र मान्य केली. कारण घर पत्नीच्या नावावर होते, ते तिने कोणत्या पैशातून घेतले याचा खुलासा होता आणि भाडे दिल्याची नोंद होती. दोन खंडपीठांनी परस्परविरोधी निर्णय दिले असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. नातलगाला भाडे देण्यास कायद्याची बंदी नाही, परंतु व्यवहार खरा असला पाहिजे आणि तो कागदावर दिसला पाहिजे. ज्याला जुन्या प्रणालीत राहून ही सवलत घ्यायची आहे त्याने करारपत्र, बँकेतून दिलेले भाडे आणि घरमालकाच्या विवरणपत्रात त्या उत्पन्नाची नोंद या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. वर्ष संपल्यावर भाडेपावत्यांचे पुस्तक आणून सह्या करण्याचे दिवस संपले आहेत.

परदेशी स्थायिक झालेल्यांसाठीही न्यायाधिकरणाने अलीकडे काही महत्त्वाचे निर्णय दिले. मार्च २०२५मध्ये मुंबई खंडपीठाने सिंगापूरच्या रहिवासी असलेल्या एका भारतीय महिलेच्या प्रकरणात म्युच्युअल फंडाचे युनिट म्हणजे कंपनीचा समभाग नव्हे, असे ठरवले. भारत-सिंगापूर करारान्वये समभागांवरील नफ्यासाठी वेगळी तरतूद आहे. उरलेल्या मालमत्तेवरील नफ्यावर कर घेण्याचा हक्क रहिवासाच्या देशाकडे जातो. परिणामी भारतात कर देय ठरला नाही. हा निवाडा वाचून न्यू जर्सीतल्या कुणी हुरळून जाऊ नये. अमेरिकेशी झालेल्या करारात भांडवली नफ्यावर प्रत्येक देशाने आपापल्या कायद्याप्रमाणे कर घ्यावा असे आहे. करार बदलला की उत्तर बदलते. दुसरा प्रश्न परदेशात भरलेल्या कराच्या वजावटीचा. त्यासाठीचा ६७ क्रमांकाचा नमुना उशिरा भरला म्हणून वजावट नाकारण्याचा सपाटा खात्याने लावला होता. बेंगळुरू आणि मुंबई खंडपीठांनी, नमुना भरण्याची मुदत ही मार्गदर्शक आहे, तिच्या उल्लंघनाने मूळ हक्क नष्ट होत नाही, असे ठरवले. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३मध्ये हीच दृष्टी स्वीकारली. दरम्यान २०२२मध्ये मंडळानेही नियम शिथिल केला. न्यायाधिकरणाच्या आग्रहाने नियम सुधारतात, याचे हे चांगले उदाहरण.

विलंबाच्या बाबतीत मात्र खुद्द न्यायाधिकरणालाच कानपिचकी मिळाली आहे. छत्तीसगडमधील अंबिकापूरच्या एका करदात्याचे अपील १६६ दिवसांच्या विलंबामुळे रायपूर खंडपीठाने दाखल करून घेतले नाही. उच्च न्यायालयानेही ते योग्य ठरवले. जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले आणि अशा बाबतीत न्यायाभिमुख व उदार दृष्टी हवी, असे सांगितले. चेहराविरहित व्यवस्थेत नोटिसा ई-मेलवर येतात, त्या जुन्या पत्त्यावर किंवा सल्लागाराच्या खात्यावर जातात, आणि करदात्याला कळते ते बँक खाते गोठल्यावर. अशा काळात मुदतीचा दंडक यंत्रवत वापरणे म्हणजे न्यायाचे दार आतून लावून घेणे होय.

हे सारे वाचून न्यायाधिकरणाचा निवाडा म्हणजे दगडावरची रेघ, असा समज कुणी करून घेऊ नये. कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीची त्यांच्या वेतनातून कापलेली रक्कम मालकाने त्या निधीच्या मुदतीनंतर, पण विवरणपत्राच्या मुदतीआधी भरली, तर वजावट मिळते असे अनेक खंडपीठे वर्षानुवर्षे म्हणत होती. ऑक्टोबर २०२२मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या पीठाने चेकमेट सर्व्हिसेस प्रकरणात ते सारे निवाडे मोडीत काढले. छोट्या कारखानदारांना त्याचा मोठा फटका बसला. म्हणून निवाड्याचा आधार घेताना तीन प्रश्न विचारावेत. तो आपल्या भागावर अधिकार असलेल्या खंडपीठाचा आहे काय? आपल्या उच्च न्यायालयाने त्याविरुद्ध काही म्हटले आहे काय? आणि संसदेने मधल्या काळात कायदा बदलला आहे काय? या तीन चाळण्यांतून उतरलेला निवाडाच भरवशाचा.

छोट्या करदात्याच्या दृष्टीने एक गोष्ट मात्र निश्चित स्वागतार्ह घडली. सप्टेंबर २०२४मध्ये मंडळाने खात्याच्या अपिलांची आर्थिक मर्यादा वाढवली. आता विवादित कर साठ लाखांपर्यंत असेल तर खाते न्यायाधिकरणाकडे, दोन कोटींपर्यंत असेल तर उच्च न्यायालयाकडे आणि पाच कोटींपर्यंत असेल तर सर्वोच्च न्यायालयाकडे सर्वसाधारणपणे जात नाही. परिणामी पगारदाराला आयुक्तांकडे मिळालेला विजय बहुधा टिकतो. अडचण अशी की, आयुक्तांच्या स्तरावरच गाडे रुतले आहे. २०२४-२५मध्ये तेथील प्रलंबित अपिलांची संख्या पाच लाखांवर गेलेली होती. न्यायाधिकरणाचे दार उघडे असले, तरी तेथवर पोहोचण्याचा जिना इतका लांब असेल, तर 'सत्वर' हे ब्रीद फलकापुरतेच उरेल.

संस्थेच्या प्रकृतीचाही विचार करायला हवा. डिसेंबर २०२४मध्ये बेंगळुरू खंडपीठाने दिलेल्या एका आदेशात अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचे दाखले असल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली आणि तो आदेश काही दिवसांतच मागे घ्यावा लागला. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, खात्याच्या चेहराविरहित केंद्राने काल्पनिक निवाड्यांच्या आधारे केलेली एक करआकारणी रद्द केली आणि यंत्राने पुढे ठेवलेले दाखले पडताळून न पाहता वापरू नयेत, अशी समज दिली. न्यायाधीश आणि कर अधिकारी दोघेही यंत्रावर विसंबू लागले, तर करदात्याचा वाद ऐकणार कोण?

याहून गंभीर प्रश्न स्वायत्ततेचा आहे. न्यायाधिकरणांतील सदस्यांची नेमणूक, मुदत आणि सेवाशर्ती यांवरून सरकार व सर्वोच्च न्यायालय यांच्यात दीर्घकाळ रस्सीखेच चालू आहे. राष्ट्रीय कर न्यायाधिकरणाचा कायदा न्यायालयाने २०१४मध्ये घटनाबाह्य ठरवला. २०२१च्या अध्यादेशातील चार वर्षांची मुदत आणि पन्नास वर्षे किमान वयाची अट जुलै २०२१मध्ये रद्द झाली. पुढच्याच महिन्यात संसदेने त्याच तरतुदी कायद्याच्या रूपाने पुन्हा आणल्या. नोव्हेंबर २०२५मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती विनोद चंद्रन यांनी त्याही रद्द केल्या आणि राष्ट्रीय न्यायाधिकरण आयोग चार महिन्यांत स्थापन करावा, असा आदेश दिला. प्राप्तिकर न्यायाधिकरणाच्या २०२१मध्ये नेमलेल्या सदस्यांना जुन्याच १९६३च्या सेवानियमांचे संरक्षण मिळाले. चार वर्षांनी फेरनेमणुकीसाठी ज्याला सरकारच्या तोंडाकडे पाहावे लागते, तो सदस्य सरकारविरुद्ध निर्भयपणे निकाल देऊ शकेल काय, हा प्रश्न वकिलांपुरता नाही. ग्वाल्हेरच्या गृहिणीला आणि अहमदाबादच्या करदात्याला न्याय मिळाला, तो निर्णय देणाऱ्याची मान मोकळी होती म्हणून.

१ एप्रिल २०२६पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात शब्दसंख्या सुमारे ५ लाख १२ हजारांवरून २ लाख ६० हजारांवर आली, याचा सरकारला अभिमान आहे. भाषा सोपी झाली हे खरे आणि ते चांगलेच आहे. आधीच्या वर्षांचे वाद जुन्या कायद्यानुसारच चालणार असल्याने वरील निवाड्यांचे मोल लगेच संपत नाही. परंतु प्रत्येक जुन्या शब्दामागे निवाड्यांचे वर्षानुवर्षांचे संचित उभे असते. शब्द बदलला की ते संचित पुन्हा तपासले जाते. मूळ विधेयकात विवरणपत्र उशिरा भरणाऱ्याचा परताव्याचा हक्कच जाईल, अशी एक तरतूद होती. बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालील प्रवर समितीने ती हेरली आणि सुधारित विधेयकातून ती वगळली गेली. समितीच्या खोलीत खासदारांनी कलमे वाचली म्हणून हे घडले. सभागृहातही तेवढाच वेळ दिला असता, तर आणखी किती त्रुटी सापडल्या असत्या, हे सांगता येत नाही. त्या आता अपिलांतून सापडतील, आणि दर वेळी शुल्क भरणारा नागरिकच असेल.

म्हणूनच संसदेने दोन गोष्टी कराव्यात. न्यायाधिकरणाने करदात्याच्या बाजूने लावलेला अर्थ खात्याने मान्य केला की नाही, हे ठरावीक मुदतीत जाहीर करण्याचे बंधन मंडळावर घालावे. आणि मान्य केला असेल, तर त्याचा लाभ अपील न केलेल्यांनाही आपोआप मिळावा. त्याचबरोबर अल्प रकमेच्या वादांसाठीचे अपील शुल्क उत्पन्नाऐवजी विवादित कराच्या प्रमाणात आकारावे. यासाठी तिजोरीवर मोठा भार पडणार नाही. करदात्याने प्रामाणिक असावे, ही सरकारची अपेक्षा रास्त आहे. मात्र ज्या अर्थावर सरकार स्वतःच्या न्यायाधिकरणात हरले, त्याच अर्थावर गप्प बसलेल्या नागरिकाकडून वसुली चालू ठेवायची, हा प्रामाणिकपणा कोणत्या कलमात बसतो, याचे उत्तर अर्थखात्याने सभागृहात द्यायला हवे.